न फिरणारं रीळ

संक्रांतीच्या दिवशी नागपुरातल्या कुठल्याही गच्चीवर एक जोडी हमखास दिसते. एकाच्या हातात मांजा, दुसऱ्याच्या हातात चक्री. पतंग उडवणारा ओरडतो, "ढील दे!" चक्रीवाला दोन्ही दांड्या बोटांवर सैल धरतो, चक्री भिरभिरते, मांजा सुटत जातो. मग पतंग मध्येच अडतो. चक्री मात्र अडत नाही. अंगात भरलेल्या वेगानं ती आणखी चार वेढे सोडून देते आणि पायाशी मांज्याचं जाळं होतं. मी घरातला धाकटा असल्यामुळे चक्री कायम माझ्याकडे असायची, आणि त्या गुंत्याबद्दलच्या शिव्याही.

आज माझ्या टेबलावर जे यंत्र आहे, त्याची थोरवी मला त्या शिव्यांमुळेच कळते. हे मासेमारीचं रीळ आहे: शिमानोचं स्ट्रॅडिक सीआय-फोर-प्लस, माप २५००, वजन सुमारे १९० ग्रॅम. खाडीच्या तोंडाशी, खडकावर किंवा गुडघाभर पाण्यात उभं राहून लहानसं खोटं आमिष, म्हणजे लूर, फेकण्यासाठी. झीरो माइलचा दगड अभिमानानं मिरवणाऱ्या आणि कुठूनही समुद्र शेकडो किलोमीटर लांब असणाऱ्या शहरात असलं रीळ बाळगणं हा थोडा चक्रमपणाच. नागपूरहून मडगावला जाणाऱ्या गाडीनं कुडाळला उतरायचं, तिथून मालवण गाठायचं, हे वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उरलेले महिने मी हे रीळ नुसतं पाहतो, फिरवतो, उघडून पुन्हा जुळवतो. एखादी आवडती बंदिश पुन्हापुन्हा ऐकावी तसं.

या बंदिशीचा षड्ज म्हणजे स्पूल. दोरी गुंडाळलेला, पुढच्या बाजूला तोंड असलेला हा अॅल्युमिनिअमचा डबा. लूर फेकताना तो फिरत नाही. बेल म्हणतात ती तारेची कमान उघडायची, दोरी तर्जनीवर धरायची, रॉड झोकायचा आणि बोट सोडायचं. दोरी स्पूलच्या कडेवरून वेढ्यावेढ्यानं, गोगलगाईच्या शंखासारखी उलगडत निघून जाते. स्पूल जागेवर ढिम्म. लूर पाण्यात पडली की दोरी आपोआप थांबते, कारण पुढे ढकलणारं काही फिरतच नव्हतं. चक्रीचा सगळा गुंता इथे मुळातच निकालात निघाला आहे. दहा ग्रॅमची लूरही दूर जाते, कारण तिला स्वतःखेरीज आणि मागच्या दोरीखेरीज दुसरं काही हलवावं लागत नाही.

ही कल्पना कुणाला सुचली असेल? स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलक यांनी १८८४ मध्ये एक रीळ आणलं. फेकताना त्याचं स्पूल आडवं वळवायचं आणि दोरी गुंडाळताना पुन्हा सरळ करायचं. निम्मी वाट झाली होती. उरलेली वाट १९०५ मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांच्या पेटंटनं पूर्ण केली. हे गृहस्थ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे, लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातले. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सरसर सुटणारं सूत पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. त्यांनी स्पूल कायमचं स्थिर केलं आणि दोरी गुंडाळणारा भाग त्याच्याभोवती फिरवला.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. ज्यासाठी ब्रॅडफर्डला जावं, ते नागपुरात पिढ्यानपिढ्या डोळ्यांसमोर होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आज तिच्या जागेवर मॉल आहे. पाचपावलीच्या, गोळीबार चौकाच्या गल्ल्यांत कोष्टी समाजाचे माग त्याहूनही आधीचे. खटक्याच्या मागावरचा धोटा एकदा हातात घेऊन पाहा. त्याच्या पोटात कांडी घट्ट बसवलेली असते. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, सूत कांडीच्या टोकावरून सुटत जातं आणि कांडी तसूभरही फिरत नाही. माझ्या टेबलावरचं रीळ म्हणजे ती कांडीच, फक्त पळणारा धोटा दोरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लूर झालेला. मराठीनं 'रीळ' हा शब्द शिवणाच्या दोऱ्यासाठी आधीच घेतला होता. गळाच्या दोरीला तो असा चपखल बसेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते, आणि ती कळायला सेवाग्रामपर्यंत जावं. चरख्याच्या चातीच्या टोकावरून सूत निसटतं तेव्हा प्रत्येक वेढ्याला त्याला एक पीळ बसतो. कातणाऱ्याला तोच हवा असतो. पिळाशिवाय सूत नाही. गळ टाकणाऱ्याला तो पीळ नको असतो. पीळ साठला की दोरी स्वतःभोवती वळते आणि तिचे छल्ले होतात. इलिंगवर्थच्या रचनेत याचा जमाखर्च सुंदर जुळतो: फेकताना जितके पीळ पडतात, तितकेच गुंडाळताना उलगडतात. मॅलकच्या रिळात हा हिशेब जुळत नसे, कारण गुंडाळताना स्पूल सरळ करून फिरवलं जाई. आजच्या रिळात हिशेब बिघडतो तो बहुधा एका चुकीनं, आणि ती चूक यंत्राची नसते. तिच्याकडे मी वळणारच आहे.

आता वजन. धातूच्या अंगाचं याच मापाचं रीळ साधारण पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम भरतं. म्हणजे फरक शंभरेक ग्रॅमचा, आपल्या एका लहानशा संत्र्याएवढा. एका संत्र्यासाठी इतका खर्च? मिनिटाला एक फेक धरली तर तीन तासांत एकशे ऐंशी फेका होतात. तेवढ्या वेळा मनगटानं ते संत्रं उचलायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण वजनाचा आकडा वाचून रीळ घेणं म्हणजे पानांची संख्या पाहून कादंबरी घेणं. वजन कुठून काढलं हे महत्त्वाचं. इथे अंग आणि रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, कार्बन तंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचे आहेत; त्याची घनता अॅल्युमिनिअमच्या जवळजवळ निम्मी. अंगातून काढलेलं वजन फक्त हाताला कळतं. रोटरमधून काढलेलं वजन बोटांना कळतं. मूठ फिरवताच रोटर निघतो, थांबवताच थांबतो, मध्ये हुंदका नाही. खाडीत लूर सारखी एका वेगानं ओढायची नसते. दोन वेढे, थांबा, एक झटका, पुन्हा थांबा. घाबरलेली कोळंबी कशी पळेल तशी. जड रोटर हे वाक्य अडखळत म्हणतो, हलका रोटर स्वल्पविरामासकट म्हणतो. मुठीचा एक फेरा म्हणजे रोटरचे सहा फेरे, जवळपास ९० सेंटिमीटर दोरी. त्यामुळे बोटाची लहानशी लहरही पाण्यात हातभर लांब होऊन पोचते.

हलकेपणालाही मर्यादा असते. नऊ फुटी लांब रॉडवर हे रीळ बसवलं तर शेंडा जड होऊन मनगट दुखू लागतं; सात फुटीवर ते तर्जनीपाशी तोलून उभं राहतं. आणि कुपा किंवा मोठी सुरमई लागेल अशा पाण्यात मी हे नेणार नाही. खूप ताण आला की प्लॅस्टिकचं अंग किंचित वाकतं, दाते एकमेकांवरून सरकू पाहतात. तिथे धातूच हवा. खाडीतल्या जिताड्यासाठी, तांबोशीसाठी मात्र एवढं पुरून उरतं.

माझं पहिलं रीळ संपूर्ण धातूचं होतं, आणि तेच मिठानं खाल्लं. परतीच्या गाडीत दमून झोपलो, नागपूरला पिशवी तशीच माळ्यावर टाकली, महिन्याभरानं उघडली. बेलवरचा रोलर पांढऱ्या क्षारात रुतून बसला होता. तो इवलासा रोलर फिरला नाही की दोरी त्याच्यावर घासते आणि झिजते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नागपूरची कोरडी हवा पाणी उडवून नेते, मीठ मागे ठेवते. आता मी मुक्कामावरच ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली रीळ धुतो. जोराच्या फवाऱ्याखाली धरत नाही, कारण तो मिठाला बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. पुसून, रोलरला तेलाचा एक थेंब देऊन, ड्रॅग पुन्हा सैल करून मगच पिशवीत.

ड्रॅग. स्पूलच्या माथ्यावरची ती गोल चावी. तिच्याखाली चकत्यांचा थर असतो. चावी आवळली की चकत्या दाबल्या जातात, सैल केली की मोकळ्या होतात. दोरीवरचा ओढा या घर्षणापेक्षा वाढला की आत्तापर्यंत ढिम्म असलेलं स्पूल फिरू लागतं आणि मासा दोरी घेऊन जातो. पत्रकात ड्रॅग ९ किलोचा लिहिला आहे. तो आकडा दुकानात वाचायचा आणि विसरायचा. माझी विणलेली दोरी (ब्रेड) पंधरा पौंडी, म्हणजे पावणेसात किलोची. ड्रॅग लावायचा तिच्या पाव हिश्शाला, साधारण पावणेदोन किलोला. दोरीचं टोक वजनकाट्याला अडकवून मी हे घरीच मोजतो. खरी परीक्षा आकड्याची नाहीच, सुरुवातीची आहे. वाईट ड्रॅग आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. त्या अडण्याच्या क्षणी दोरी तुटते किंवा गळ ओठातून फाटून निघतो. चांगला ड्रॅग पहिल्या वेढ्यापासून एकसारखा सुटतो, तुपात बोट फिरावं तसा.

याचा अर्थ मला देवबागला कळला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. शेजारी एक काका गरवत होते. त्यांच्याजवळ रॉड नव्हता, रीळ नव्हतं; रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. बाटलीचं तोंड समुद्राकडे धरून ते शिसं भिरकवायचे आणि बाटलीच्या टोकावरून तंगूस वेढ्यावेढ्यानं सुटायचं. इलिंगवर्थचं पेटंट, दहा रुपयांत. मी बघतच राहिलो. त्याच वेळी माझ्या लूरवर काहीतरी आपटलं. स्पूल किरकिरत फिरू लागलं, मासा खडकाकडे निघाला आणि मी गडबडीनं मूठ फिरवू लागलो. हीच ती चूक. ड्रॅग सुटत असताना मूठ फिरवली तर दोरी एक इंचही आत येत नाही. मुठीच्या प्रत्येक फेऱ्याला सहा पीळ मात्र तिच्यात भरतात.

काकांनी मान न वळवता म्हटलं, "जावंदे तेका. खंय जातलो?"

जाऊ दे त्याला, कुठे जाणार आहे? मी मूठ सोडली. ओढ थांबली की रॉड उचलायचा, खाली नेताना गुंडाळायचं. पुन्हा ओढ आली की हात आवरायचा. शेवटी दीडेक किलोची तांबोशी वाळूवर आली, तांब्याच्या भांड्यासारखी लाल. काकांनी ती पाहिली आणि आपल्या बाटलीकडे वळले. त्यांच्या तर्जनीवर तंगुसानं पाडलेली जुनी खाच होती. स्पूलच्या माथ्यावरच्या त्या चकत्या काय करतात ते तेव्हा कळलं. त्या बोटाचं काम करतात, चामडं न सोलता. आणि गच्चीवरून ऐकू येणारं "ढील दे" कुणी ओरडायच्या आधी ऐकतात.

रीळ निवडताना लोक बेअरिंग मोजतात, वजन करतात. मी दुकानदाराला एवढंच म्हणतो, दोरी लावून द्या. मग ड्रॅग अर्धवट आवळून दोरी हातानं ओढतो, हळूहळू, आणि स्पूल कुठल्या क्षणी जागचं हलतं ते पाहतो. ते हलणं कळलंच नाही, तर रीळ चांगलं.

मालवण वर्षाकाठी एकदा. एरवी रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानात मी लूरऐवजी शिशाचा गोळा बांधून फेकतो. क्रिकेटवाली पोरं जमतात. परवा एकानं विचारलं, "काका, इथं मासे भेटते काय?" त्याला रीळ दिलं, बोट कसं सोडायचं ते दाखवलं. दोन फेका चुकल्या, तिसरी दूर मातीत जाऊन पडली. तो मूठ फिरवत राहिला आणि एकदम म्हणाला, "काका, हे मधलं तर फिरतच नाही. नुसतं वर-खाली होते."

मी दोरीचं टोक हातात धरलं, दहा पावलं चालत गेलो आणि म्हटलं, आता मूठ सोड. मग धावत सुटलो. मागून स्पूलची किरकिर ऐकू आली आणि त्या पोराचं ओरडणं.