‘पूर्वग्रह’ या आशयसूत्रावरील शालेय निबंध : एक विचार

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास दोनतीन साहित्यकृतींच्या आधारे ‘पूर्वग्रह’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले, म्हणजे हाती येणाऱ्या निबंधाची घडण बहुधा ठरलेली असते. प्रारंभी पूर्वग्रहाची व्याख्या, पुढे एकेका कृतीतून घेतलेले अन्यायाचे एकेक उदाहरण, आणि अखेरीस सर्वांनी बंधुभावाने राहावे असा उपदेश. भाषा शुद्ध असते, भावनाही प्रामाणिक असते. परंतु ज्या कृतींचा आधार घेतला त्या वाचल्याच नसत्या तरी हा निबंध असाच लिहिता आला असता, ही त्याची खरी उणीव होय. पूर्वग्रह म्हणजे काही पात्रांच्या अंगचा दुर्गुण, अशी समजूत येथे गृहीत धरलेली असते. दुर्गुणी पात्रांची यादी झाली की तुलनाही संपते.

आमच्या मते पूर्वग्रह साहित्यकृतीत पात्रांच्या मतांमध्ये जेवढा आढळतो, त्याहून अधिक तो ज्ञानाच्या क्रमात आढळतो. कोणास काय आणि केव्हा कळते, माणूस आधी कळतो की त्याचे नाव, हा प्रश्न कृतीच्या घाटाशी निगडित आहे. तुलनेला आरंभ तेथून व्हावयास हवा.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह १९६३) या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला निवेदक आपली जात सांगत नाही. त्याची काव्यशक्ती पाहून लोक त्याला मान देतात, जवळ करतात. आणि जात उघड होताच त्या आदराची जागा मारहाण घेते. विद्यार्थी मारहाणीचा प्रसंग उतरवून घेतो आणि पुढे जातो. वस्तुतः कथेतील ताण मारहाणीच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो. शीर्षक वाचताच आपणांस जे कळले ते कथेतील माणसांना अद्याप कळावयाचे आहे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक आदराच्या शब्दाने वाचकाची धास्ती वाढत जाते. आदर आणि मार या दोहोंच्या दरम्यान निवेदकात तिळमात्र बदल झालेला नाही. एक शब्द तेवढा कळला आहे. शिवाय शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद कोणाच्या दृष्टीने सत्य आहे, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने उपस्थित केला, तर त्या एका प्रश्नास उरलेल्या सर्व पृष्ठांइतके मोल द्यावे.

हे विवेचन भिवंडीच्या वर्गात करावयाचे झाल्यास त्याला वेगळेच वजन येते. मराठी आणि उर्दू माध्यमांच्या शाळा जेथे शेजारी शेजारी भरतात आणि मागाचा आवाज दोहींकडे सारखाच पोहोचतो, त्या गावाचा या आशयसूत्राच्या वाङ्मयाशी थेट संबंध आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. त्यानंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज यांच्यासह भिवंडीत आले होते. येथे जे पाहिले त्याने १९४७ सालच्या रावळपिंडीच्या स्मृती जाग्या झाल्या आणि त्यांतून ‘तमस’ (१९७३) ही कादंबरी आकारास आली, असे त्यांनीच नमूद केले आहे. या कादंबरीच्या आरंभी नत्थू नावाचा चामड्याचे काम करणारा गरीब मनुष्य मुराद अलीच्या सांगण्यावरून रात्रभर झटून एक डुक्कर मारतो. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडते. कोणी मारविले हे वाचकास ठाऊक असते, गावास नसते. परंतु गावास त्याची गरजच पडत नाही, कारण उत्तर आधीच तयार आहे. ज्याला खरे ठाऊक आहे तो इतका हीन गणलेला की त्याच्या सांगण्यास किंमत नाही. शेवटी तोच मुराद अली शांततेच्या घोषणा देत बसमध्ये बसलेला दिसतो. बागुलांच्या कथेत एक शब्द कळल्याने अनर्थ होतो, येथे सत्य न कळल्याने. तरीही दोन्हीकडे निवाडा माणसाच्या आधी येऊन उभा आहे. तुलना म्हणतात ती ही.

१९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल हे साहित्य नव्हे. तथापि भिवंडीतील विशेष तपासपथकाच्या पक्षपाती कार्यपद्धतीवर त्याने ठेवलेला ठपका कादंबरीशेजारी ठेवून वाचावा : निष्कर्ष अगोदर, पुरावा मागाहून, हाच क्रम तेथेही दिसेल. मात्र एक सावधगिरी हवी. १९८४ च्या मे महिन्यात येथे पुन्हा दंगल झाली हे खरे. पण १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, हेही तितकेच खरे आहे. भिवंडी म्हणताच दंगल एवढेच ज्याला आठवते, तो निबंधकार आपल्या विषयाचे उदाहरण स्वतःच पुरवितो.

हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) येथे घ्यावी की नाही, याबद्दल शिक्षकांत दुमत संभवते. कोकणातील एका खेड्यातील तेढ सांगणारा तिचा निवेदक कोणत्याही एका बाजूचा वकील होत नाही. दुर्गुणी पात्रांची यादी करू गेल्यास तीत सारे गावच येते. यादीची पद्धत मोडावयाची असेल तर हीच कृती अधिक उपयोगी, असे आम्हांस वाटते.

हे सर्व शालेय वयास झेपणारे नाही, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मराठीतील एका शालेय निबंधातच आहे. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तीत व्याख्या नाही. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात. तर मग आम्हांस धर्मग्रंथ नाही, आणि ग्रंथ नाही तर धर्मही नाही, असे ती प्रतिपक्षाचेच विधान घेऊन शेवटास नेते आणि आपला धर्म कोणता, हे देवालाच विचारते. ज्या ग्रंथात आपले नाव नाही त्या ग्रंथापासून ती आरंभ करते. पेशवाईतील छळ आणि उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल ही साक्ष त्यानंतर येते. अखेरीस उपदेश आहेच. परंतु तो सर्वांनी सर्वांशी प्रेमाने वागण्याचा नसून, आपल्याच मांगमहार बांधवांनी शिकावे, असा आहे.