व्यस्त सेवेचा नियम : ओझरहून वाचताना

दिव्यापासून दूर जावे तसा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे आपण वर्गात शिकवतो. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 27 फेब्रुवारी 1971 च्या 'लॅन्सेट'मधील आपल्या लेखाचे नाव याच नियमाच्या धर्तीवर ठेवले : 'व्यस्त सेवेचा नियम'. जिथे आजार जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती तितके हे अधिक खरे ठरते, असे त्यांचे म्हणणे. हार्ट दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणगावचे डॉक्टर. त्यांच्या देशात 1948 पासून उपचार मोफत होते. तरीही असे का घडते, हा त्यांचा प्रश्न असल्यामुळे लेखाला वजन आले.

मात्र बॉइलच्या नियमाशेजारी हा फळ्यावर लिहिता येणार नाही. यात स्थिरांक नाही, आणि 'गरज' कोणत्या एककात मोजायची तेही ठरलेले नाही. ही एक प्रवृत्ती आहे. नियम हे नाव थोडे गमतीने घेतलेले.

आता तो ओझरला लावून पाहू. इथे 1964 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. कायम कर्मचाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबांना कंपनीची वैद्यकीय सेवा आहे. इतर कारखान्यांतील कमी पगाराच्या कामगारांसाठी 1948 च्या कायद्याने आलेली राज्य विमा योजना आहे. तिची पगारमर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये झाली. या दोन्ही सोयी मिळायच्या तर हजेरीपटावर नाव हवे.

निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीला सुरगाणा, पेठकडून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांचे नाव असल्या पटावर नसते. गंमत अशी, की सरकारी निकष त्यांच्या बाजूने झुकलेला आहे. सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगरी भागात 20,000 मागे. उपकेंद्र 5,000 ऐवजी 3,000 मागे. कागदावर हे हार्टच्या नेमके उलट झाले! पण निकष माणसे मोजतो ती त्यांच्या गावी. गरोदर बाईची नोंद सुरगाण्याच्या उपकेंद्रात, आणि ती स्वतः निफाडच्या बागेत. इथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी मोफतच, पण सकाळची तपासणीची वेळ हीच कामाची वेळ. केसपेपरला फारसे पैसे लागत नाहीत. दिवसाची मजुरी मात्र जाते.

हार्टचा लेख इथे अपुरा पडतो. डॉक्टर कुठे आहेत हे त्यांनी नीट पाहिले, रुग्णाचा दिवस कसा जातो हे फारसे पाहिले नाही. त्यांच्या खाणगावात रुग्ण आणि डॉक्टर दोघेही वर्षभर एकाच जागी राहत, म्हणून कदाचित ती गरज भासली नसावी.

त्यांचे पुढचे काम मला या लेखापेक्षा सरस वाटते. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (2012 मध्ये सुरू झाली तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी) रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. त्याच दुर्लक्षित रक्तदाबातून झालेल्या हृदयविकाराची शस्त्रक्रिया बसते. हार्टनी याच्या उलट केले. गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला, आणि जे दवाखान्यात येत नव्हते त्यांना शोधून काढले. पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब त्यांनी 1991 मध्ये मांडला. शेजारच्या तशाच गावापेक्षा इथे अकाली मृत्यू सुमारे 28 टक्क्यांनी कमी होते. तुलना दोनच गावांची, तीही लहान, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हेत. तेव्हा या आकड्यावर फार भार टाकू नये. पद्धत मात्र उचलण्याजोगी आहे. दवाखान्यातील नोंदवहीत आलेल्यांची नावे असतात. हार्टनी न आलेल्यांची यादी केली. ओझरला तशी यादी करायची, तर ती ऑक्टोबरात, काम सुटल्यावर, टोळ्या उतरतात त्या बागांच्या शेडपासून सुरू करावी लागेल.