नाव आणि गाऱ्हाणे : 'फॅस्मोफोबिया' या खेळातील भूत-संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

भयकथेचा जो काही विचार मराठी समीक्षेत झाला तो प्रामुख्याने कथा-कादंबरी आणि नाटक यांच्या अनुषंगाने. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या लेखनाच्या निमित्ताने या प्रकाराची थोडीफार चर्चा झाली. व्हिडिओ गेम मात्र साहित्याच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशा कक्षेत आजवर क्वचितच आला. महाविद्यालयीन चर्चासत्रांत हा विषय निघतो तो 'युवक आणि व्यसन' या मथळ्याखाली, आणि तेथेच संपतो. प्रस्तुत लेखात अशा एका खेळाकडे संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाने हा खेळ आपल्या तीन विद्यार्थ्यांसमवेत एका दिवाळीच्या सुटीत खेळून पाहिला. त्याआधी त्याविषयी जे ऐकले होते ते 'फार घाबरवतो' एवढेच होते. प्रत्यक्षात ध्यानात राहिली ती भीती नव्हे, तर भीतीची नोंद ठेवण्याची त्यातील पद्धत.

'कायनेटिक गेम्स' या ब्रिटिश संस्थेचा 'फॅस्मोफोबिया' हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये, पूर्णत्वाला जाण्यापूर्वीच, खेळाडूंसाठी खुला झाला. त्या वेळी तो प्रायः एकट्या डॅनियल नाइट यांनी घडवलेला होता. जग घरात कोंडलेले असतानाच्या त्या महिन्यांत तो अल्पावधीत लोकप्रिय झाला. नावाचा अर्थ 'भुतांचे भय'. जास्तीत जास्त चार खेळाडू एका मोटारीतून एखाद्या झपाटलेल्या घरी, शाळेत वा तुरुंगात जातात. तेथील भुताला मारणे किंवा घालवणे हे त्यांचे काम नाही. ते भूत कोणत्या जातीचे आहे हे ओळखायचे, वहीत त्या नावावर खूण करायची, मोटारीत बसून परत फिरायचे आणि मोबदला घ्यायचा. मांत्रिकाची भूमिका येथे नाही. आहे ती सर्वेक्षकाची. या एका निर्णयामुळे हा खेळ भयपटांच्या नेहमीच्या वाटेपासून दूर जातो, आणि समीक्षेच्या दृष्टीने त्याचे महत्त्वही याच निर्णयात आहे.

नामकरणाचे शास्त्र

उपकरणे घेऊन भुताच्या मागावर जाण्याची परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे. अशा घटनांच्या पद्धतशीर अभ्यासासाठी लंडन येथे १८८२ मध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. पुढे हॅरी प्राइस यांनी १९३७ मध्ये एसेक्समधील बोर्ली रेक्टरी ही वास्तू वर्षभरासाठी भाड्याने घेतली, वृत्तपत्रात जाहिरात देऊन निरीक्षक जमवले आणि त्यांच्या हाती लेखी सूचनांची पुस्तिका दिली. प्राइस यांच्या पेटीत कॅमेरा, मोजपट्टी, थर्मामीटर अशी सामग्री असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दूरचित्रवाणीवरील भूत-शोधाच्या कार्यक्रमांनी तिच्यात विद्युत्-चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राची आणि 'स्पिरिट बॉक्स' नामक रेडिओसदृश पेटीची भर घातली. 'फॅस्मोफोबिया' हा या वंशावळीतील ताजा वारस होय.

प्रारंभी खेळात भुतांच्या बारा जाती होत्या आणि पुरावे सहा प्रकारचे : मापकाचा पाचवा अंक, स्पिरिट बॉक्समधून आलेले उत्तर, बोटांचे ठसे, कॅमेऱ्यात दिसणारे तेजोबिंदू, कोऱ्या वहीत उमटलेले लेखन आणि गोठणबिंदूखाली गेलेले तापमान. प्रत्येक जातीच्या वाट्याला यांपैकी तीन येतात. तीन पुरावे मिळाले की नाव निश्चित. पुढील दोन वर्षांत जाती चोवीसवर गेल्या व पुराव्याचा सातवा प्रकार आला. मूळ युक्ती मात्र तीच राहिली. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाने, फुलोरा व फळ पाहून कुल ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत अपरिचित वाटणार नाही.

तथापि प्रयोगशाळेत नसलेली एक गोष्ट येथे आहे, ती म्हणजे ज्ञानाची किंमत. स्पिरिट बॉक्सला उत्तर हवे असेल तर खोलीतील दिवा मालवावा लागतो, आणि काही भुते खेळाडू एकटा असेल तरच बोलतात. अंधारात उभे राहिले की खेळाडूचे 'मानसिक स्थैर्य' टक्क्याटक्क्याने घसरते. चौघांची सरासरी निम्म्याखाली गेली की बहुतेक जातींची भुते शिकारीला निघू शकतात. म्हणजे जितके जाणून घ्यावे तितके धोक्याजवळ जावे लागते, आणि सुरक्षित राहावे तर अज्ञानी राहावे लागते. रात्र, वादळ, किंचाळी ही भयकथेची नेहमीची साधने या खेळातही आहेत, पण त्याचे खरे भय या देवघेवीतून येते. आमच्यापैकी एक विद्यार्थी मोटारीत बसून पडद्यावर आकडे वाचत होता आणि उरलेले तिघे घरातील तळघराच्या पायऱ्यांवर थबकलो होतो. 'सर, बावन्न झालं,' एवढेच तो म्हणाला. त्या वाक्याइतकी भीती पुढे प्रत्यक्ष दिसलेल्या भुतानेही वाटली नाही.

येथे एक विसंगती नमूद करावीशी वाटते. आम्ही चौघे आपापसांत मराठीत बोलत होतो आणि भुताशी इंग्रजीत. 'तू कोठे आहेस', 'तुझे वय काय' हे प्रश्न विद्यार्थी परीक्षकासमोर विचारावेत अशा काळजीपूर्वक उच्चारांत विचारत होते, कारण यंत्राला शब्द नीट कळले नाहीत तर भूत उत्तरच देत नाही. शिकार सुरू झाल्यावर मात्र जवळच्या कोणाही बोलणाऱ्याचा आवाज भुताला ऐकू जातो. तेव्हा भाषेचा प्रश्न उरत नाही.

गाऱ्हाणे नसलेली भुते

या खेळाविषयीचा मुख्य आक्षेप याच संभाषणाशी निगडित आहे. वय विचारले असता पेटी 'म्हातारा' किंवा 'मूल' अशा अर्थाचा एखादा शब्द बोलते. पण त्या शब्दाला जातिनिर्णयात काहीही मोल नाही. उत्तर आले, एवढेच पुरावा म्हणून पुरे असते. वहीचेही तसेच. भूत वहीत काहीतरी खरडते. काय खरडले ते वाचण्याची गरज कोणालाच भासत नाही. मृताने लिहिलेले अक्षर हाती यावे आणि त्याचा केवळ छायाचित्र काढण्यापुरता उपयोग व्हावा, ही कल्पना भुतापेक्षा भयंकर आहे. दुर्दैवाने खेळाला तिच्या भयंकरपणाची जाणीव नाही. प्रत्येक घरात कोठेतरी मानवी हाड पडलेले असते. ते सापडले की जादा पैसे मिळतात. त्या हाडाचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही.

जातींची नावे निरनिराळ्या लोकपरंपरांतून उचललेली आहेत, आणि ती उचलताना कथा मागे राहिल्या आहेत. आयर्लंडची 'बॅन्शी' ही मूलतः एखाद्या घराण्यातील मरणाची वर्दी आक्रोशाने देणारी स्त्री. तिच्या रडण्यात शोक आहे. खेळात ती एकाच खेळाडूचा पाठलाग करते, आणि तिचा आक्रोश उरला आहे तो विशेष मायक्रोफोनमध्ये ऐकू येणारी ओळखीची खूण म्हणून. इस्लामी परंपरेतील जिन हा मृतात्मा नव्हेच. धूरविरहित अग्नीतून निर्माण झालेली ती स्वतंत्र सृष्टी. खेळात मात्र त्यालाही एखाद्या मृत माणसाचे नाव-आडनाव बहाल होते आणि घरातील विजेचा मुख्य खटका चालू असला की त्याचा वेग वाढतो.

सर्वांत बोलके उदाहरण 'गोर्यो' या जपानी नावाचे. हेइआन काळात अन्यायाने पदच्युत वा निर्वासित होऊन मेलेल्या उमरावांचे आत्मे रोगराई आणतात अशी श्रद्धा होती, आणि त्यांच्या शांतवनासाठी इ.स. ८६३ मध्ये खुद्द राजदरबाराने विधी केला. विद्वान मंत्री सुगावारा नो मिचिझाने यांना ९०१ मध्ये राजधानीतून दूर धाडण्यात आले. ९०३ मध्ये ते तेथेच मृत्यू पावले. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली तेव्हा तो त्यांचाच कोप मानला गेला, आणि दरबाराने त्यांची पदे मरणोत्तर परत करून अखेर त्यांना देवत्व दिले. आजही जपानी विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्यांच्या देवळात जातात. भुताचे नाव घेणे म्हणजे राज्यसंस्थेने आपली चूक कबूल करणे, असा या एका शब्दाचा इतिहास आहे. खेळातील गोर्योची ओळख मात्र अशी, की एका उपकरणाच्या प्रकाशठिपक्यांत त्याची आकृती कॅमेऱ्यातूनच, आणि खोलीत कोणी नसतानाच, दिसते.

येथे मराठी वाचकाला आपल्याकडील वर्गीकरण आठवल्यावाचून राहणार नाही. भुतांच्या जाती लावण्यात आपणही मागे नव्हतो, आर. ई. एंथोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील लोकविद्येवरील १९२४ च्या ग्रंथात त्या विस्ताराने आल्या आहेत. परंतु तेथील नाव हे वर्तनाचे नसून मरणाचे असते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. सवाष्ण म्हणून, इच्छा मागे ठेवून गेली ती जखीण. बुडून मेला तो गिऱ्हा. निपुत्रिक गेला आणि धनावर जीव अडकला तो समंध. नाव ऐकताच त्या जिवाचे काय राहून गेले हे कळते, आणि म्हणून त्याला काय देणे लागते हेही कळते. भूत लागले तर 'तुला काय पाहिजे' असे विचारण्याची पद्धत याच समजुतीतून आली. दक्षिण कोकणात व गोव्यात भुतांचा राजा वेताळ ग्रामदैवत होऊन बसला, तो प्रवासही मिचिझाने यांच्याहून फार वेगळा नाही.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचा हेतू नाही. हडळ हे नाव बाळंतिणीच्या मृत्यूचे दुःख सांगते तितकेच स्त्रीदेहाविषयीचे समाजाचे भयही सांगते, आणि अशा समजुतींचा जाच जिवंत स्त्रियांनी किती सोसला हे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागलेल्या राज्यात सांगायला नको. मुद्दा एवढाच की मरणावरून पडलेल्या नावात समाजाची बाजू, चांगली वा वाईट, उघडी पडते. वर्तनावरून पडलेल्या नावात केवळ पळण्याची दिशा मिळते.

असे होणे या माध्यमाची मर्यादा आहे काय? तसे वाटत नाही. लुकास पोप यांच्या २०१८ मधील 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या खेळातही मृतांची नोंद करायची असते, आणि तीही ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा-निरीक्षकाने, म्हणजे अत्यंत रूक्ष नजरेने. तरीही तेथे साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव, त्याच्या वाट्याला काय आले आणि ते कोणाच्या हातून, हे जुळल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. खातेवहीच्या रकान्यातही गाऱ्हाणे मावू शकते. तसा रकाना आखावा लागतो.

'फॅस्मोफोबिया'त तो आखलेला नसल्याचा परिणाम खेळाडूवरही होतो. दहा-बारा फेऱ्यांनंतर आमची भीती ओसरली. विद्यार्थ्यांना तक्ता पाठ झाला आणि ते मिठावर पाऊल पडले की नाही एवढेच पाहू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्मात्यांनी आणलेल्या कठीण पातळीत तीनपैकी एक पुरावा दडवला जातो. तेव्हा भुताचा वेग, त्याची चाल, त्याचा रोख यांवरून तर्क करावा लागतो आणि अर्थनिर्णयनाला पुन्हा थोडी जागा मिळते. पण तो तर्कही अखेर सवयींचा, चरित्राचा नव्हे.

मेलेल्या खेळाडूची बाजू

इतके लिहिल्यावर एका गोष्टीची दखल घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. खेळाडू मेला की त्याचा खेळ संपत नाही. तो त्याच घरात, फिक्या पडलेल्या जगात वावरत राहतो. जिवंत सोबत्यांचे बोलणे त्याला ऐकू येते. त्याचा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला एवढेच करता येते, की एखादी वस्तू उचलून फेकायची.

आमच्या शेवटच्या फेरीत प्रस्तुत लेखक स्वयंपाकघरात मारला गेला. भूत कोणत्या दिशेने आले हे दिसले होते आणि वहीत चुकीचे नाव भरले जात आहे हेही कळत होते. टेबलावरचा कप उचलून मी तो भिंतीवर आपटला. दोघे विद्यार्थी दचकून मागे सरले. एकाने कॅमेरा रोखला, दुसरा मापक पुढे करून अंक वाचू लागला. मी दुसरा कप उचलला. 'चला, निघू या, ते चिडलंय,' असे म्हणत ते दाराकडे धावले, आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.