धुराडे नसलेल्या जिल्ह्यातील प्रदूषण : व्यापाराचे जागतिकीकरण आणि वाशीममधील कीटकनाशके – एक चिकित्सा

प्रास्ताविक

खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण, म्हणजेच 'खाउजा' धोरण, भारताने १९९१ साली स्वीकारले. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण तयार झाले. प्रदूषणकारी उद्योग गरीब देशांत हलविणे आर्थिकदृष्ट्या योग्य ठरते, असा तर्क त्यात होता. तो उपरोधाने मांडल्याचा खुलासा पुढे करण्यात आला. तथापि 'व्यापाराचे जागतिकीकरण व पर्यावरण' या विषयावरील आपले लेखन आजही बहुधा याच चौकटीत फिरते. श्रीमंत देशातील कारखाना गरीब देशात येतो आणि त्याचा धूर व सांडपाणी सोबत आणतो, असे आपण मांडतो. ही मांडणी चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या अपुरेपणाची चिकित्सा केली आहे.

रूढ मांडणीची मर्यादा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर उभी आहे. येथे मोठ्या रासायनिक कारखान्यांची वसाहत नाही. त्यामुळे कारखाना हेच प्रदूषणाचे माप मानले, तर जिल्हा स्वच्छ ठरतो.

वास्तविक हा प्रदेश जागतिक बाजाराला नवखा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांनी मागणी दिली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापी 'शकुंतला' रेल्वे कारंजामार्गे धावू लागली, तीही प्रामुख्याने कापसासाठीच. तेव्हा माल बाहेर जात होता. आज माल जातोच, शिवाय बियाणे, तणनाशक आणि कीटकनाशक आत येते. कारखाना दूरच राहतो, त्याचे उत्पादन मात्र कृषी केंद्रातून थेट शेतकऱ्याच्या पाठीवरील पंपात पोहोचते.

आपल्या कायद्यांची रचनाही अशीच आहे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा व १९८१ चा वायू प्रदूषण कायदा प्रामुख्याने कारखान्याच्या संमतीपत्राभोवती फिरतात. कीटकनाशकांचे नियमन मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये कृषी खात्याकडे आहे. परिणामी फवारणीचे विष प्रशासनाच्या दृष्टीने 'कृषी निविष्ठा' ठरते, 'प्रदूषण' ठरत नाही.

बीटी कापसाचा अनुभव

जागतिकीकरणाच्या समर्थकांचा युक्तिवाद येथे प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाल्यानंतर बोंडअळीवरील फवारण्या काही वर्षे निश्चितच घटल्या. नवे तंत्रज्ञान पर्यावरणाचा भार कमी करते, असे त्यावरून म्हटले गेले. परंतु पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि रसशोषक किडींचा उपद्रवही वाढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारतीय शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही अधिक झाला आहे.

याची सर्वांत मोठी किंमत २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने मोजली. माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या कापसात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चर्चेत आलेल्या औषधांमध्ये बासेलस्थित सिंजेंटा कंपनीचे 'पोलो' होते. त्यातील डायफेन्थियुरॉन या घटकाच्या वापरास स्वित्झर्लंडमध्ये व युरोपीय संघात परवानगी नाही. २०२० मध्ये यवतमाळच्या पीडितांनी स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने या घटकाच्या निर्यातीवर बंदी घातली.

तथापि परकीय कंपनी हीच एकमेव दोषी, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. चर्चेतील अनेक औषधे भारतीय कंपन्यांची होती आणि भारत स्वतः कीटकनाशकांचा मोठा निर्यातदार आहे. मग प्रश्न मालकीचा नसून संरक्षण कोणाला मिळते, हा ठरतो.

तपासणी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातीलच दुसऱ्या पिकाकडे पाहिल्यास मिळते. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर अपेडाने 'ग्रेपनेट' ही व्यवस्था उभी केली. निर्यातक्षम बागेची नोंदणी, नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी आणि घडापासून बागेपर्यंत माग काढण्याची सोय तीत आहे. म्हणजेच नियंत्रण अशक्य नाही, ग्राहकाने मागितले की ते होते.

वाशीमच्या कापसाच्या व सोयाबीनच्या वाट्याला असा ग्राहक येत नाही. कापूस घेणारा धाग्याची लांबी व ओलावा पाहतो, तर सोयाबीन घेणारा ओलावा, काडीकचरा व डागी दाणा पाहतो. फवारणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेजचे प्रमाण कोणत्याही सौद्यात विचारले जात नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, परंतु ती उत्पादनातील कामगारांसाठी व व्यावसायिक तत्त्वावर फवारणी करणाऱ्यांसाठी आहे. रोजंदारीने दुसऱ्याच्या रानात पंप घेऊन जाणारा मजूर व्यवहारात तिच्याबाहेर राहतो. जागतिक बाजाराची सुरक्षितता मालासोबत प्रवास करते, श्रमासोबत नाही.

हा प्रश्न शेताच्या बांधावर संपतही नाही. जिल्ह्यातून पैनगंगेचे पाणी गोदावरी खोऱ्याकडे जाते. येथेच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहते आणि तिच्यावरील महान धरणातून अकोला शहराला पिण्याचे पाणी मिळते. एका जिल्ह्यातील निविष्ठा दुसऱ्या जिल्ह्याच्या पाण्याचा प्रश्न होऊ शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, जागतिकीकृत व्यापारातील प्रदूषण केवळ उद्योगाच्या स्थलांतरातून येत नाही, तर उत्पादनाच्या वापरातूनही येते, आणि ते मोजण्याची व्यवस्था खरेदीदाराच्या गरजेनुसारच उभी राहते. जेथे खरेदीदार विचारणार नाही, तेथे विचारण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर पडते.

त्या संस्थांमध्ये आपली महाविद्यालयेही येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर लागू केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात स्थानिक प्रदूषित स्थळास भेट देण्याचे क्षेत्रकार्य होते आणि त्यात औद्योगिक स्थळाबरोबर कृषी स्थळाचाही स्पष्ट उल्लेख होता. आपण मात्र विद्यार्थ्यांना कारखाना दाखविण्यासाठी दूर नेतो किंवा पुस्तकातून प्रकल्प उतरवून घेतो. रसायनशास्त्र विभागाने खरिपानंतर विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यावेत, वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी कृषी केंद्राच्या पावत्यांवरून निविष्ठांच्या खर्चाची नोंद ठेवावी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात फवारणी करणाऱ्यांची यादी व त्यांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात. आपले अनेक विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी स्वतः पंप पाठीवर घेतात. त्यांच्याच घरातील ही माहिती दरवर्षी जमा झाली, तर जिल्ह्याच्या प्रदूषणाची पहिली विश्वसनीय नोंद महाविद्यालयाच्या कपाटात तयार होईल.