चौकटी करणाऱ्याचे नगरकार्य

एखाद्या नागरिकाने आपल्या शहरासाठी काय केले, याची मोजदाद आपल्याकडे बहुधा कोनशिलांवरून होते. ग्रंथालयाच्या किंवा रुग्णालयाच्या दारावर दात्याचे नाव कोरले, की कृतज्ञतेचे काम आटोपले! परंतु ज्याने वास्तू न बांधता शहराच्या अभिरुचीस वळण लाविले, त्याच्या कार्यास माप कोणते लावावयाचे? मुंबईचे केकू गांधी (१९२०–२०१२) यांच्या कार्याचा विचार करू लागताच हा प्रश्न पुढे उभा राहतो.

१९४१ साली गांधींनी ‘केमोल्ड’ या नावाने चित्रांच्या चौकटी करण्याचा धंदा आरंभिला. नव्या धर्तीच्या तरुण चित्रकारांना त्या काळी आपली चित्रे मांडावयास मुंबईत जागा दुर्मिळ होती. गांधींनी ती आपल्या दुकानात मांडली. पुढे १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा भागात जहांगीर कलादालन उघडले; १९६३ साली त्याच्याच पहिल्या मजल्यावर गांधींनी ‘गॅलरी केमोल्ड’ थाटली व पत्नी खोर्शेद यांच्या साहाय्याने ती चालविली. जवळच १९११ साली बांधलेले कावसजी जहांगीर सभागृह आहे. तेथे १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. त्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत गांधीही होते.

गांधी अखेर व्यापारीच होते, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते त्यांच्या कार्याचे बळ नेमके येथेच आहे. देणगी एकदा दिली की दाता मोकळा होतो. दुकानदारास मात्र रोज सकाळी दार उघडावे लागते. ज्याचे नाव अद्याप कोणी ऐकलेले नाही, अशा चित्रकाराचे चित्र भिंतीवर लावून गिऱ्हाइकाची वाट पाहणे, ही जोखीम निव्वळ नफ्याच्या हिशेबाने कोणी पत्करीत नाही.

तथापि या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कलेचे हे नवे चैतन्य बव्हंशी काळा घोडा व त्याच्या आसपासच घुटमळत राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचाही कायापालट झाला. पण तेथे गिरण्यांच्या जागी उभे राहिले ते मुख्यतः मनोरे आणि बाजार. याचा दोष एका गांधींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नाटकाचे तिकीट हौसेने काढणारा आपला सुशिक्षित वर्ग, जहांगीरमध्ये प्रवेशास पैसा पडत नसताही, त्या पायऱ्यांशी अडखळतो. १९९९ पासून तेथे भरणाऱ्या कलामहोत्सवास गर्दी लोटते खरी. परंतु जत्रेची गर्दी म्हणजे रसिकता नव्हे. चौकटी करणाऱ्याने चित्र भिंतीवर लाविले. ते एरवीच्या दिवशीही जाऊन पाहणारा प्रेक्षक जोवर निर्माण होत नाही, तोवर त्याचे नगरकार्य अर्धेच झाले, असे आम्ही समजतो.