रुग्णशय्येजवळचा पति

डॉ. सुशीला नय्यर यांची ‘बापू की कारावास-कहानी’ वाचतांना आमचें मन पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील १९४४ च्या फेब्रुवारीपाशीं अडून राहतें. हृदयविकारानें आधींच खचलेल्या कस्तुरबांस तेथें न्यूमोनियानें गांठलें. लेखिका स्वतः डॉक्टर, सहबंदी आणि गांधीजींची शिष्या. या प्रसंगाला याहून जवळचा साक्षीदार मिळणें नाहीं.

बांस वैद्याचे उपचार हवे होते. त्यासाठीं गांधीजी पत्रें लिहून सरकारशीं भांडले. रात्रीं आंत राहण्याची परवानगी नाहीं, म्हणून वैद्यराज शिवशर्मा फाटकाबाहेर आपल्या मोटारींत निजत. हें चालत नसेल तर बांस पॅरोलवर सोडावें. तेंही नको तर आपणांस दुसऱ्या तुरुंगांत हलवावें, त्यांच्या यातना हतबलपणें पाहत बसणें होत नाहीं, असें गांधीजींनीं सरकारास कळविलें. त्या करारी माणसाचें पतिहृदय इतकें उघडें पडलेलें आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिलें.

पुढें चिरंजीव देवदास यांच्या आग्रहानें कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलिन आलें. तें वारंवार टोंचावें लागणार, हें कळतांच गांधीजींनीं तें देऊं दिलें नाहीं. रोग हाताबाहेर गेला होता. २२ फेब्रुवारीस सायंकाळीं पतीच्या मांडीवरच बांचा अंत झाला. पेनिसिलिननें त्या वांचल्याच असत्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वैद्य हवा, ही इच्छा बांची होती. टोंचणी नको, ही कोणाची? पुष्कळ चरित्रकार बापलेकांच्या मतभेदांतच रमतात. अंथरुणावरील बाईचें मत काय होतें, हें पुसावयाचें मात्र राहून जातें.