संकेतस्थळावरील वाचक : गुंतणे आणि रमणे

१

संकेतस्थळे चालविणाऱ्यांच्या व्यवहारात ‘वाचकाला गुंतवून ठेवणे’ हा प्रयोग आता रूढ झाला आहे. स्थळावर आलेला वाचक किती वेळ थांबला, त्याने किती पृष्ठे उघडली, तो पुन्हा केव्हा आला, ह्यांवरून स्थळाचे यशापयश ठरविले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकास ह्या व्यवहाराशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु कोश, हस्तलिखिते, नियतकालिकांचे जुने अंक आणि संशोधनपर लेख हे सर्व साहित्य आता संकेतस्थळांवर येत आहे. तेव्हा त्याचेही मूल्य ह्याच मापाने ठरविले जाण्याचा संभव आहे. म्हणून ह्या मापाची परीक्षा करणे अगत्याचे ठरते.

प्रथम शब्दांकडे पाहावे. मराठीत सूत गुंतते, पाय गुंततो, पैसा गुंततो. ह्या सर्व प्रयोगांत सहज सुटता न येण्याचा भाव आहे. उलट मन ‘रमते’ तेव्हा त्यास अडविणारे कोणी नसते. ते आपखुशीने थांबते आणि तृप्त झाले म्हणजे उठते. दोन्ही अवस्थांत वाचक स्थळावर तितकाच वेळ असू शकेल. बाहेरून पाहणाऱ्या यंत्राला मात्र ह्या दोहोंतील भेद दिसत नाही. प्रस्तुत विषयातील मुख्य अडचण हीच आहे.

२

वाचकांच्या भेटी मोजण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे साधन म्हणजे ‘गूगल ॲनालिटिक्स’. त्याच्या पूर्वीच्या पद्धतीत, जिचे कार्य २०२३ मध्ये थांबले, एकच पृष्ठ पाहून परतणाऱ्या वाचकाची भेट ‘बाउन्स’ म्हणून नोंदली जाई. चेंडू भिंतीवर आदळून परत यावा, तसा हा वाचक आला आणि गेला, असा त्याचा अर्थ. भेटीचा अवधी पहिल्या व शेवटच्या नोंदीतील अंतरावरून काढला जात असल्यामुळे, एकच दीर्घ लेख अर्धा तास वाचून, दुसरे काही न उघडता उठलेल्या वाचकाचा वेळ सामान्यतः शून्य भरे. २०२० मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने हा दोष पुष्कळसा दूर केला. पृष्ठ डोळ्यांपुढे उघडे असल्याचा काळ ती मोजते. भेट १० सेकंदांहून अधिक टिकली, किंवा निदान दोन पृष्ठे पाहिली गेली, किंवा चालकाने महत्त्वाची ठरविलेली एखादी कृती घडली, म्हणजे वाचक ‘गुंतला’ असे ती मानते.

माप सुधारले, पण मोजावयाची वस्तू तीच राहिली. १० सेकंदांत मनाची कोणती अवस्था सिद्ध होते, ह्याचे उत्तर ह्या व्याख्येत नाही. काळ हे अवधानाचे चिन्ह असू शकेल. काळ म्हणजेच अवधान नव्हे. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींचा आधार चित्रफीत किती वेळा उघडली गेली ह्यावरून काढून ती किती वेळ पाहिली गेली ह्यावर ठेवला. केवळ आकर्षक शीर्षक देऊन फसविणाऱ्या चित्रफितींना त्यामुळे आळा बसावा, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा होता. परंतु वेळ हेच मूल्य ठरले, म्हणजे वेळ लांबविणे हे कौशल्य ठरते.

३

श्रोत्याला किंवा वाचकाला धरून ठेवण्याची विद्या नवीन नाही. नारदीय कीर्तनाची मांडणीच तिच्यावर उभी आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, नंतर उत्तररंगात आख्यान. निरूपणाने ताणलेले मन गजराने सैल होते आणि कथेसाठी पुन्हा सिद्ध होते. विशेष हे की आख्यान संपताना कीर्तनकार मूळ अभंगाकडे परत येतो आणि आरतीने समाप्ती होते. श्रोत्याला घरी पाठविणे हाही ह्या रचनेचाच भाग आहे.

हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. पुढील अंकाची ओढ लावणे हे क्रमशः लेखनाचे अंगच होय, आणि त्यापायी येणारा पाल्हाळ हा त्याचा ठळक दोष. तथापि प्रकरण संपले की वाचकाला आठवडाभराची मोकळीक मिळे. त्या अवकाशात यमूचे दुःख त्याच्या स्वतःच्या घरातील माणसांशी ताडून पाहण्यास त्यास सवड होती. सामाजिक कादंबरीचे कार्य पुष्कळदा अंक मिटल्यानंतरच घडते.

ह्या पार्श्वभूमीवर अंतहीन पृष्ठाचा विचार करावा. खाली सरकावे तसतसा नवा मजकूर आपोआप येत राहील, अशी ही योजना २००६ मध्ये एझा रास्किन ह्यांनी रचली. पुढे त्यांनीच तिच्या परिणामांविषयी जाहीर खेद व्यक्त केला. पान संपणे हा वाचकाला मिळणारा विचाराचा क्षण असतो: पुढे जावे की थांबावे? अंतहीन पृष्ठाने वाचकाची अडचण दूर केली असे वाटते. वस्तुतः त्याने दूर केला तो हा क्षण. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ग्राहकास चकविणाऱ्या रचनांचे १३ प्रकार नमूद केले. त्यांत खोटी घाई, लपविलेली जाहिरात इत्यादी आहेत. अंतहीन पृष्ठ नाही.

४

ह्या भेदाचे तात्त्विक विवेचन अभिनवगुप्ताच्या रसविचारात सापडते. त्याच्या मते रस म्हणजे विघ्नरहित प्रतीती होय, आणि तिचे पर्यवसान संविदेच्या विश्रांतीत होते. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी एक म्हणजे रसिकाने आपल्या खाजगी सुखदुःखांच्या अधीन होणे. ते दूर व्हावे म्हणूनच गीत, वाद्य, रंगमंडप इत्यादींची योजना असते. आजच्या शिफारसयंत्रांचा प्रवास नेमका उलट दिशेने चालतो. प्रत्येकाची आवड, भीती आणि चीड टिपून तेच ते त्याच्यापुढे ठेवावयाचे, ह्या पद्धतीत विघ्नालाच साधन बनविले जाते. साधारणीकरणाला तेथे वाव कमी. विश्रांती तर धंद्याच्या दृष्टीने तोट्याचीच. रमलेल्या मनाला विश्रांती लाभते, गुंतलेल्या मनाला ती लाभत नाही, हा दोहोंतील निर्णायक भेद होय.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल, की संकेतस्थळ हे नाट्यगृह नव्हे; ज्ञानाच्या स्थळावर रसचर्चा अप्रस्तुत आहे. म्हणून कोशाचे उदाहरण घ्यावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संगणकीय ग्रंथालयात उपलब्ध आहे. दाते-कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोशही तेथे आहेत. एखाद्या ओवीतील शब्द अडला, नोंद उघडली, अर्थ मिळाला, वाचक ओवीकडे परतला. कोशाचे हे पूर्ण यश आहे. वेळेच्या मापाने मात्र ही भेट निकृष्ट ठरते, आणि शब्द न सापडल्यामुळे दहा पृष्ठे धुंडाळीत बसलेला वाचक आदर्श ठरतो!

ह्याच कोशात रमण्याचीही सोय आहे. नोंदीजवळील पृष्ठांकावरून मूळ कोशाचे ते पान उघडता येते. तेथे शेजारचे शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी भेटतात. एका शब्दासाठी आलेला अभ्यासक पाच शब्द घेऊन जातो. त्यास कोणी ओढलेले नसते. आकर्षण विषयातूनच निर्माण झालेले असते.

५

स्थळ चालविण्यास पैसा लागतो, वाचकसंख्या दाखविल्याशिवाय तो मिळत नाही, ही अडचण खरी आहे. ती नाकारून भागणार नाही. परंतु विद्यापीठे आणि वाङ्मयीन संस्था ह्यांचे उत्पन्न जाहिरातींच्या मिनिटांवर अवलंबून नाही. म्हणून निराळे माप स्वीकारण्याचे स्वातंत्र्य आणि जबाबदारी प्रथम त्यांच्याकडे येते. वाचक जे शोधीत आला ते त्यास मिळाले काय? तेथील मजकूर पुढे कोणाच्या प्रबंधात, लेखात, अध्यापनात उपयोगी पडला काय? ही मापे कष्टाची आहेत. यंत्र ती आपोआप देत नाही. त्यासाठी वाचकांना विचारावे लागेल आणि संदर्भ तपासावे लागतील. तसे न केल्यास अहवालात शोभेल असा बदल हळूहळू मजकुरातच होऊ लागेल: एक लेख पाच पृष्ठांत तोडला जाईल, कोशातील अर्थ दोन पृष्ठे मागे ढकलला जाईल. तसे झाल्यास वाचक अधिक वेळ थांबेल खरा, पण तो ओवीपासून तितकाच दूर राहील.